अळणी

ओलाफ्सविकच्या बंदरावर बेचाळीस वर्षं
माझ्या बापानं कॉडवर मीठ पसरलं.
फावड्यानं.
घरी यायचा तेव्हा भुवयांत मीठ, कॉलरीत मीठ,
बूट उलटे केले की दारात मूठभर मीठ.
आई म्हणायची, याला नुसता उकळला तरी सूप होईल.

स्वयंपाक मात्र त्यानं कधी केला नाही.
आई इस्पितळात होती त्या हिवाळ्यात
आम्ही तिघं भावंडं डब्यातल्या मटारांवर जगलो.
तोही समोर बसून तेच खायचा
आणि दर रात्री म्हणायचा,
"बरे आहेत की."

आता तो एकोणऐंशीचा.
ग्लोई तेराचा, मेंढ्यांमागं पळणं विसरलेला.
जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी, हिल्दिगुनुरनी,
त्याच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.
हृदय मोठं झालंय, म्हणाल्या.
मीठ बंद. चिमूटसुद्धा नाही.
बापानं स्वतःच्या हातांकडं पाहिलं
आणि ते खिशात घातले.

शनिवारी मी गेले तर
स्वयंपाकघरात खिडक्या धुरकटलेल्या,
आईचा एप्रन त्याच्या पोटाला पुरत नव्हता
म्हणून मागं जाळ्याची सुतळी बांधलेली.
हॅडॉकची कातडी, ताजी,
तीनदा गोड्या पाण्यात धुतलेली.
चमच्याच्या उलट्या बाजूनं तो खवले खरवडत होता,
मग अंगठ्यानं गुंडाळी,
जशी पूर्वी तंबाखूची वळायचा,
जीभ तेवढी लावली नाही.
दुसऱ्या परातीत ओट्स, उकडून कुस्करलेला सलगम,
वाटीच्या काठानं कापलेल्या चंद्रकोरी.
कांद्याला घरात बंदी.

फ्रीजवर कागद लावलेला, पेन्सिलीतला,
बोटीवरच्या नोंदवहीसारखा:
*तारीख नऊ. वारा ईशान्येचा. ओव्हन शंभर. करपले.*
*ग्लोईनं खाल्ले.*
*तारीख अकरा. धुकं. ओव्हन ऐंशी, सहा तास. कडक, आवाज चांगला.*
*ग्लोईनं खाल्ले.*
*तारीख चौदा. सलगम जास्त. लगदा.*
*ग्लोईनं खाल्ले. ग्लोईचं मत ग्राह्य धरू नये.*

शेजारच्या आल्दिसनं तक्रार केली,
वास तिच्या पडद्यांना लागतोय म्हणून.
बापानं तिच्या मांजरीसाठी पुडी बांधून दिली.
तक्रार मिटली.

खाल्ल्या मिठाला जागतो म्हणतात कुत्रा.
याला तर मीठच नाही.
तरी हा जागतो,
रात्रभर, बापाच्या पलंगाशी,
त्याच्या प्रत्येक खोकल्याला एक कान वर.
कोणाच्या कशाला जागतोय, विचारावं तरी कुणाला.

जेवायला बटाटे होते, आणि मासा.
मी हात लांबवला नेहमीच्या जागी,
टेबलाच्या डाव्या कोपऱ्याला,
जिथं माझ्या आठवणीत कायम ते निळं भांडं.
लाकडावर नुसता गोल डाग.
"मीठ कुठंय?"
"माळ्यावर."
"माळ्यावर?"
बाप बटाटा सोलत राहिला. साल पातळ, सलग, न तुटलेली.
"त्याच्यासमोर बरं दिसत नाही," म्हणाला.

टेबलाखाली ग्लोई, हनुवटी बापाच्या सपातेवर,
आमच्या कुठल्याच बोलण्यात त्याचं लक्ष नव्हतं.
ओव्हन टकटक करत थंड होत होता.
मी बटाटा तोंडात घातला.
चव नव्हती. उकडलेली माती, थोडं लोणी.
बाप बघत होता, बघत नसल्यासारखा,
काटा हवेत धरून.

"बरे आहेत की," मी म्हटलं.

"तुला कुणी विचारलं," तो म्हणाला,
आणि अजून दोन वाढले.