कानाडोळा

झाल्का, तुझं रक्त मी तुझ्याआधी ओळखलं.
ल्युब्लियानातल्या या तळघरात
नळीवर तुझं नाव, माझ्याच अक्षरात,
आणि पडद्यावर ठिपके, ठिपके,
पोळं फुटल्यासारखे.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात
एकच माशी, मनगटावर.
घसा मिटला, बीपी तळाला,
फेर्दोनं ट्रॅक्टरच्या फळीवर आडवं घालून
तुला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं.
डॉक्टर म्हणाले, पेट्या विका.
तू म्हणालीस, बावीस आहेत.
तेवढंच.

शरीर असंच असतं बाई,
राईचा पर्वत करतं
आणि त्याच पर्वताखाली स्वतः सापडतं.

म्हणून सुई.
आधी राईचा दाणाही नाही, त्याची नुसती चाहूल;
मग थोडं, मग थोडं,
शेवटी शंभर मायक्रोग्रॅम,
दोन माश्यांइतकं विष, महिन्याच्या महिन्याला.
दंडावर गाठ, अर्धा तास बाकावर,
मांडीवर मोज्याचं अर्धवट विणकाम.

आणि इथे खाली
मी एका कोपऱ्यातले ठिपके मोजत राहिले.
नियामक पेशी. शंभरात चार, कधी पाच.
त्या लढत नाहीत.
घरातली थोरली बाई जशी
कुणावर न ओरडता
उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस बारीक करते,
तशा त्या भांडखोरांमधून फिरतात.
असू दे, म्हणतात.
ओळखीची आहे. असू दे.

पहिल्या वर्षी त्या वाढल्या,
दुसऱ्या वर्षी परत खाली.
का, ते मला सांगता येत नाही,
अहवालात तसा रकाना नसतो.
पण आता दुसरेच रेणू
विषाला उंबऱ्यातच धरून ठेवत होते,
आरडाओरडा करणारे जागे व्हायच्या आत.

विसरणं नव्हे हे.
नीट ओळखून केलेला कानाडोळा.

काल शेवटची परीक्षा.
सलाईन लावलेलं, अ‍ॅड्रेनलिन भरून तयार,
काचेच्या बरणीत तुझ्याच पेटीतली माशी,
फेर्दोनं बसमध्ये मांडीवर धरून आणलेली.
बरणी हातावर पालथी. डंख.
आम्ही घड्याळाकडे बघत होतो,
तू माशीकडे.
पाच मिनिटं. वीस. साठ.
नाण्याएवढी लाली, बस्स.

डॉक्टरांनी हात मिळवला.
मी चिमट्यानं तिला उचलून
कचऱ्यात टाकणार, तोच तू हात आडवा घातलास.
आमच्या स्लोव्हेन भाषेत
गाय मरते, कुत्रं मरतं;
मधमाशीला मात्र माणसाचा शब्द.

वारली, तू म्हणालीस,
आणि तिला रुमालात ठेवलंस.