गप्प होणारं

एकसष्ट.
काल रात्री मोजले एकदाचे.
कॉम्प्युटरच्या पोटातले माझे सिंथेसायझर.
बास काढणारे नऊ,
धुक्यासारखे पसरणारे, अकरा की बारा,
एक नुसताच काच तडकल्यासारखा वाजतो,
आणि एक मी अजून उघडलेलाच नाही.
त्याच्या पासवर्डाची चिठ्ठी
पँटच्या खिशात धुऊन निघाली.

कोप्लीत नोव्हेंबर म्हणजे
दुपारी साडेतीनला दिवा.
ट्रॅम इथवर येते आणि वळते.
पुढे जहाजांचा कारखाना,
त्यापुढे समुद्र, तोही करडा.
अशा जागी माणूस खरेदी करतो.
स्क्रीन सांगतो, सवलत संपायला तीन तास,
आणि दोन हिवाळे एकाच कोटात काढलेला मी,
कार्डाचा नंबर तोंडपाठ,
विचार पोचायच्या आत बोटं पोचलेली असतात.

माइरे हिशेब ठेवते.
तिने एकदा विचारलं, भांडणाचा सूर नव्हता,
सुतार पटाशा किती ठेवतो रे?
मी म्हटलं, पटाशांना जागा लागते,
हे तर हवेत असतात.
ती म्हणाली, तूही.

भिंतीपलीकडे वेनियामिन.
तीस वर्षं जहाजांची पोटं सांधली त्याने,
डावा कान तिथेच ठेवून आला.
माझं संगीत तो पाठीने ऐकतो,
खुर्ची भिंतीला टेकवून.
कधीतरी तक्रार येणार, हे मी धरूनच चाललो होतो.
परवा जिन्यात भेटला,
काखेत काळा पाव, दाढीत बर्फाचं पाणी:
तान्नो, ते मार्चमधलं लाव ना परत.
कुठलं?
ते, गप्प होणारं.
वाजतं, वाजतं, आणि एकदम गप्प.
तेवढ्यात मी चहाचा घोट घेतो.
मग येतं परत,
दारात कोण आलंय ते बघून आल्यासारखं.

तीन रात्री मी एकेक उघडत बसलो.
एक ना धड, म्हणतात ना,
आणि माझ्याकडे तर चिंध्याही महागातल्या.
गप्प होणारं काही सापडेना.
सगळे बोलके.
पहाटे चारला आठवलं:
मार्चमध्ये एक फुकट आणला होता, चाचणीपुरता.
पैसे भरेपर्यंत
दर चाळीस सेकंदांनी तो मुका व्हायचा,
दोनच सेकंद,
वापरणाऱ्याला लाज वाटावी म्हणून.
मी शिव्या घालत कामं केली होती त्यावर.
एप्रिलमध्ये नव्व्याण्णव युरो मोजले
आणि तो वाहू लागला सोडलेल्या नळासारखा.
भिंतीपलीकडे तेव्हापासून
कुणाचा तरी चहा निवत असणार.

मग मी स्वतःच कापलं.
सुराच्या पट्टीत दोन सेकंदांचं भोक,
कडा घासून, तालात बसवून,
दर चाळीसला एक.
जिवाचं रान केलं म्हणा.
वेनियामिनने ऐकलं, म्हणजे टेकला.
दुसऱ्या दिवशी जिन्यात:
चांगलंय.
पण हे थांबतंय, तान्नो.
ते गप्प व्हायचं.

याच्यावर काय बोलणार?
वर आलो, बूटही काढले नाहीत,
त्या सिंथचा परवाना रद्द केला.
खात्री आहे ना, असं त्याने दोनदा विचारलं.
इतकं तर लग्नाच्या कचेरीतही विचारलं नव्हतं.
मग एक लांब खर्जाचा सूर धरला
आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिलो,
अडतीस, एकोणचाळीस,

भिंतीपलीकडे
चमचा ग्लासाला लागला.

माइरेने वही उघडली,
नव्व्याण्णवसमोर पेन धरलं,
आणि काहीच न लिहिता मिटली.

बाकीचे साठ आहेत तिथेच आहेत.
काढून टाकेन एकदा.
उद्या शुक्रवार,
सवलत मोठी आहे म्हणे.