पान चौदा

अहवालाचा कागद जड, गुळगुळीत. हात पुसून उघडावा असा.
पान चौदावर खाण आहे.
पिवळा डंपर, पांढऱ्या हेल्मेटमधला कुणी पाठमोरा,
खाली बारीक अक्षरांत: लुवेम्बा तांबे प्रकल्प, उत्खनन प्रगतिपथावर.
सलग तीन वर्षं प्रगतिपथावर.
डंपरचा डावा दिवा तिन्ही वर्षं फुटलेला.

हे आधी पाहिलं सुगंधाताई घरतांनी,
घणसोलीच्या समाजमंदिरात, दुसऱ्या की तिसऱ्या बैठकीत.
एकशे बारा भागधारक, चौऱ्याहत्तर खुर्च्या.
वाशीचे पद्मनाभन, बँकेतून निवृत्त,
फळ्यावर आकडे मांडत होते:
रस्ता आणि पूल, एकोणीस कोटी.
सल्लागार शुल्क, सव्वीस कोटी, कुठल्याशा बेटावरच्या टपालपेटीला.
इतर, एकेचाळीस.
इतर म्हणजे काय हो, कुणीतरी विचारलं.
इतर म्हणजे आपण,
मागून मढवींचा किसन म्हणाला.
हशा झाला. मग नुसता पंख्याचा आवाज.

सुगंधाताई हसल्या नाहीत.
त्यांच्या नवऱ्याचा अख्खा फंड त्या डंपरमध्ये भरलेला.
भिंग पर्समध्ये टाकत म्हणाल्या,
एकोणीस कोटींचा रस्ता झाला,
आणि त्यावरून एक दिवा येऊ नये?

माझे पैसे साडेबारा टक्क्यांचे.
शेत सिडकोत गेलं, मिठागर गेलं,
वीस वर्षं फायलीमागे हिंडून प्लॉट मिळाला,
प्लॉट बिल्डरला गेला, आणि त्याचा चेक
मी हौसेने पुन्हा जमिनीतच घातला,
समुद्रापलीकडच्या, कुणाच्या तरी.
दलाल म्हणाला होता, खाली तांबं आहे.
वर कोण राहतं, ते मी विचारलं नव्हतं.

त्या रात्री अहवाल आईसमोर उघडा राहिला.
ती सुकट निवडत होती, चष्म्याशिवाय.
मिठाचं बोट तिने डंपरच्या मागे, कड्यावर टेकवलं.
यो त आपला डोंगर हाय, म्हणाली.
तुजा बापूस हितंच व्हता.

रविवारी तुर्भ्याला गेलो.
खाण बंद पडून बरीच वर्षं झालीत. तळाशी हिरवं पाणी,
दोन पोरं कपडे दगडाखाली दाबून पोहत होती.
कड्यावर सुरुंगाची भोकं, उभी चिरलेली, पन्हळींसारखी,
आणि एका जागी तीन तिरकी.
बाबा सांगायचा, त्या दिवशी मशीन नवं होतं
आणि अंगात ताप होता, हात सरळ राहिना.
मी पान चौदा समोर धरलं.
तीन तिरकी.

फोटोतला कडा तांबूस. इथला काळा.
छापखान्यात काळ्याचा तांबूस करायला किती घेतात?
फोटोत बाभूळ नाही,
पण बाभळीला उगवायला कितीसा वेळ लागतो.
विजेचा टॉवर आहे, तो काय कुठेही असतो.
शपथेवर नाही सांगू शकत मी.

कधी वाटतं, असेलही लुवेम्बा.
तिथेही कुणाचा बाप तापात दोराला लटकून
भोकं तिरकी पाडत असेल,
आणि त्याची मजुरीही इतरमध्ये गेली असेल.
या वाटण्याने झोप जास्त उडते.
पैसे गेले, याने एवढी नाही उडत.

बेलापूरला दाव्याचा अर्ज भरला.
नाव. फोलिओ क्रमांक. रक्कम अंकी, रक्कम अक्षरी.
पुरावा, या रकान्यात लिहिलं:
तीन भोकं, पान चौदा.
साक्षीदार आई, वय एक्क्याऐंशी, डाव्या हाताचा अंगठा.
खिडकीतल्या मुलीने ते दोनदा वाचलं.
जोडलेलं पान उलटसुलट करून पाहिलं, आणि
आवाज न चढवता म्हणाली,
काका, कलर झेरॉक्स आणा.
यात कुठलाही डोंगर काळाच दिसणार.