माया

फेब्रुवारीत तामुला तळ्याच्या बर्फावरून मोटारी जातात
आणि मी जेवणाच्या टेबलावर
क्रीट बेटाचा बेत बेतते आहे.

टेबलभर कागद. एकाच पानावर
सोळा जणींच्या कपड्यांच्या रेघा एकमेकींत गुंतलेल्या,
तुटक, ठिपक्यांच्या, फुलीफुलीच्या.
माझी रेघ चव्वेचाळीस नंबरची.
तिचं बोट धरून चालायचं,
अडतीसच्या वळणावर
जुनी ओळख काढून थांबायचं नाही.

नाकावर चाळिशी, कमरेवर पन्नाशी.

दुकानात विर्वे म्हणाली, "लेइली, उभे पट्टे घे,
उंच दिसशील.
गडद घे, झाकून जातं.
गळा जरा खोल ठेव, म्हणजे नजर
खाली पोटाशी उतरायची नाही."
तीस वर्षं ती गावभरच्या नजरा
अशा इकडून तिकडे वळवते आहे,
चौकातल्या पोलिसासारखी, शिट्टीऐवजी कात्री.
मी काळपट निळं उलगडलं, परत गुंडाळलं.
दुसरं निळं उलगडलं.
आणि घेतलं ते लिनन,
पिकून फुटायला आलेल्या जर्दाळूच्या रंगाचं.
विर्वेची भुवई वर गेली,
पण कापताना तिने
मापापेक्षा वीतभर जास्त दिलं.

आईची टेप कापडी. इतकी वर्षं ओढून ओढून सैलावलेली.
तिच्यावर माझी कंबर अठ्ठ्याऐंशी.
नव्या टेपवर ब्याण्णव.
म्हणजे चार सेंटिमीटर आई माझी बाजू घेते,
जी हयातीत कधी घेतली नाही.
माप नव्या टेपने लिहिलं.
जुनी गळ्यात अडकवली.

आधी जुन्या चादरीचा नमुना शिवला.
धावदोरा, टाचण्या, पाठीवर उलटा चारखाना,
एक बाही आहे, एक नाही,
आणि तेवढ्यात सौनाची लाकडं आणायची आठवली.
उणे चौदा. पायात नमद्याचे बूट.
शेजारचा एंदेल बर्फ उपसता उपसता थांबला.
बराच वेळ बघत राहिला.
"खिसे ठेव," म्हणाला,
आणि पुन्हा फावडं मारू लागला.
एवढ्या सगळ्यांत
कामाचं बोलला तो एकटाच.

शनिवारी सौनात मी आणि माझी नणंद माइमू
वरच्या फळीवर मांडीला मांडी लावून बसतो.
तिथे काय झाकणार? तिचा ऑपरेशनचा व्रण
मला माझ्या रस्त्यांइतका पाठ आहे,
माझे दंड, माझं ओघळलेलं पोट तिला.
बर्चच्या डहाळ्यांनी एकमेकींची पाठ झोडतो,
चेष्टा करतो, घाम पुसतो.
मग जर्दाळूरंग कुणासाठी,
मी तिला विचारलं.
माइमूने दगडांवर पळीभर पाणी टाकलं.
वाफेत तिचं तोंड दिसेना.
"समुद्रासाठी," ती म्हणाली. "त्याने आपल्याला
अजून पाहिलेलं नाही."

कागदावर कमरेच्या जरा वर दोन समांतर रेघा असतात,
मध्ये छापलेलं: इथे लांबवा किंवा आखूड करा.
या वाक्यापाशी मी दरवेळी थबकते.
आयुष्यात असं स्वच्छ कुणी विचारलेलं नाही.
मी लांबवलं. तीन सेंटिमीटर.
मुंढा मोकळा केला, हात वर जाऊ देत,
वरच्या फांदीचं काहीतरी तोडायला.
घेर उरेब. चुण्या नाहीत.
खिसे दोन. खोल.

आणि माया. पुस्तकात दीड सांगितली आहे,
मी अडीच ठेवली दोन्ही कुशींना,
तिथलं चीज, तिथले अंजीर,
आणि पुढची दहा वर्षं धरून.
आतल्या बाजूने कोण बघतंय.
उसवायची वेळ आली तर
कापड आत वाट बघत असेल.

खालची दुमड मात्र नुसती टाचून ठेवली आहे.
बुटांत उभं राहून घेतलेली उंची
वाळूत खरी निघेल असं नाही.
सुई-दोरा पिशवीत.
तिथे गेल्यावर बघू, माइमू गुडघ्यावर बसेल,
तोंडात टाचण्या धरून म्हणेल, सरळ उभी राहा.