दोन टिंबं

माझ्या माप-वहीत एकशे बाराव्या पानावर
त्याचं नाव त्यानंच लिहिलंय,
मधल्या आयच्या डोक्यावर दोन टिंबं.
मी म्हटलं, एक जास्त झालं.
तो हसला. त्याला मराठी येत नव्हती, मला त्याची भाषा.
टेपला भाषा लागत नाही.
छाती छत्तीस, खांदा सोळा, उंची पाच फूट साडेपाच.
उंची घेताना मात्र त्यानं मान खाली घातली.

बंडा इंगवलेनं आणलं होतं त्याला, भैरू तालमीच्या बंडानं,
मोटारसायकलवर मागं बसवून,
गल्लीतली पोरं वरातीसारखी पाठीमागं.
"फ्रान्सचं हाय, दस्तगीरभाई. एकोणीस वर्षांचं.
एकाच सीझनला आलंय. जर्सी अंगावर बसली पाहिजे."
नाव लोईक.
पेठेनं पहिल्याच संध्याकाळी त्याचं लई करून टाकलं.

पुढं कळत गेलं, थोडं मोबाईलमधून, थोडं हातवाऱ्यांतून.
समुद्राकाठचं गाव. बाप बंदरावर मासळीच्या पेट्या उतरवतो.
अकराव्या वर्षी क्लबनं उचललं, वसतिगृहात ठेवलं.
अठराव्या वर्षी पहिला करार,
फोटोत आईनं शेजारणीचा कोट घातलाय.
राखीव संघाकडून नऊ मॅच.
मोठ्या संघात एकदाच, शेवटची चार मिनिटं.
चेंडू दोनदा लागला पायाला.
हे सांगताना तो दोन बोटं वर करायचा,
दोन गोल केल्यासारखी.
मग मनगटाचा एक्स-रे.
हाडं मिटली म्हणाले, आता वाढ नाही.
जूनमध्ये खोली रिकामी.

चाळीस वर्षं मी पोरांचे कपडे शिवतोय.
आतल्या बाजूला दोन बोटं कापड राखल्याशिवाय
माझी कात्री चालत नाही.
मनगट बघून कापड बेतणारा शिंपी
मी अजून पाहिला नाही.

बंडानं त्याला रोज गंगावेशीत नेलं,
म्हशीच्या धारेखाली पेला धरून पाजलं. उंचीसाठी.
मिशीवर फेस घेऊन पोरगं परत यायचं,
खाली आखाड्यात शड्डू घुमत असायचे,
वर माळ्यावर हा एकटा, भिंतीवर चेंडू.

शाहू स्टेडियममध्ये पहिल्या तीन मॅच वाया.
फेब्रुवारीतलं मैदान तव्यासारखं,
पडला की गुडघ्याचं कातडं तिथंच राहायचं.
समोरच्या पेठेतनं आरोळी यायची,
"ए लई, लई थोडं झालं की रं!"
गॅलरी हसायची. आमचीसुद्धा.

चौथ्या मॅचला त्यानं एक पास दिला.
दोघांच्या मधनं, सुईच्या नेढ्यातनं दोरा जावा तसा.
गोल सुदर्शनचा, पेपरात नाव सुदर्शनचं.
पण त्या रात्री चहाच्या गाडीवर माणसं
कपबश्या मांडून तो पास परत परत देत होती.

उपांत्य फेरीत त्याची पेनल्टी बारवरनं गेली.
दोन दिवस पेठ गप्प.
तिसऱ्या दिवशी माळ्याच्या पायरीवर कुणीतरी डबा ठेवला,
भाकरी, अख्खा मसूर, कांदा.
डब्यावर नाव खरवडून काढलेलं.

एप्रिलात तो जर्सी परत द्यायला आला.
तिकडच्याच खालच्या फळीतल्या क्लबचं बोलावणं,
तीन महिन्यांचा करार. पगार विचारला तर खांदे उडवले.
मी सवयीनं टेप लावली.
खांदा अर्धा इंच वाढलेला.
उंची तीच, पाच फूट साडेपाच.
पण टेप कापडाची, वीस वर्षं ओढलेली.
जुनी टेप ताणली की माणूस कमी भरतो.
हे त्याला कसं सांगणार?
जर्सी त्याच्याच बॅगेत कोंबली.
शिवणीत दोन बोटं कापड आहे, तेही सांगायचं राहिलं.

आता शनिवारी रात्री उशिरा बंडा येतो,
शटर अर्धं खाली, मोबाईल शिलाई मशीनवर.
अकरा नावं, मग खाली राखीव सात.
वाचता येत नाही दोघांनाही.
मी चष्मा पुसतो,
आणि दोन टिंबं शोधतो.