नोंद: सोमवार, वारा ईशान्येचा

सोमवारी माझी बस बंद असते.
म्हणजे बस चालूच असते, मी नसते तिच्यावर.
म्हणून सकाळी आठला लाउवर्समेरच्या काठी
फळ्यांच्या त्या झोपडीत जाऊन बसले,
तर शेंडी बदकांच्या थव्यात
एक शेंडीविना आलेलं.

पाठ करडी.
शेंडीवाल्यांची पाठ कशी, कोळशाच्या पोत्यासारखी.
याच्या पाठीवर बारीक बारीक रेघा,
नवी पेन्सिल चालते का बघावं, तशा.

मी वोब्बेला फोन केला.
करायला नको होता.

"हलू नकोस," म्हणाला वोब्बे,
जणू बदक मीच.
अर्ध्या तासात बांधावर अकरा गाड्या,
अकरा तिपाया, एकोणीस माणसं
आणि एल्क्ये, जिला बदकांतलं काही कळत नाही,
वाटाण्याच्या सूपातलं सगळं कळतं.

"अमेरिकेतलं आहे," येल्मर कुजबुजला.
त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद.
"परवाच्या वादळानं आणलं. अख्खा समुद्र ओलांडून."
आणि घटकाभर आम्ही सगळेच
त्या वादळाचे सोयरे झालो.

फक्त वोब्बे म्हणत राहिला, चोच बघू दे.
चोच पिसांत. बदक झोपलेलं.
वारा त्याला फिरवायचा, सावकाश,
दुकानाच्या काचेतल्या केकसारखं,
आणि दर फेरीला आम्हाला दिसायची तीच पाठ.
तासभर कुणी खोकलं नाही.
एकाला लघवीला जायचं होतं, तो गेला नाही.

मग पलीकडून मासेमारीची बोट गेली
आणि बदकानं मान बाहेर काढली.

चोचीच्या टोकाला काळा ठिपका हवा होता, तिळाएवढा.
इथे अख्खं टोकच दौतीत बुडवलेलं.
डोक्यावर उन्हाची तिरीप पडली
तसा काळ्याखालून तांबूस रंग वर आला,
जुन्या किटलीच्या आतल्या अंगासारखा.
आणि डोळा.
पिवळा हवा होता.
नारिंगी होता.

"बाप लालसरी, आई शेंडी," म्हणाला वोब्बे.
"किंवा उलट. संकर आहे."
आणि दुर्बिणीला झाकण लावलं.
त्या झाकणाचा टक् असा आवाज
एकामागून एक, अकरा वेळा.

"ना तळ्यात ना मळ्यात," येल्मर तिपाई मिटत पुटपुटला.
(तळ्यात तर ते होतंच. मी बोलले नाही.)
अशा पाखराला यादीत आकडा मिळत नाही,
आकडा नाही त्यासाठी कुणी ऐंशी किलोमीटर येत नाही,
आले होते ते सूप अर्धं टाकून गेले.

एल्क्ये भांडं पुसत म्हणाली,
"त्याला माहीत आहे का पण?"
"काय?"
"तुम्ही म्हणता ते."

वोब्बे थांबला होता. गाडीची किल्ली हातात, तरी थांबला होता.
म्हणाला, बांध घातला तेव्हा मी नऊ वर्षांचा.
तोवर हे सगळं खारं पाणी.
आमच्या घरात अजून याला समुद्रच म्हणतात.
एवढं बोलून तो गेला, आणि जाताना
माझ्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं करून
फळीवर ठेवला.

नोंदवहीत रकाने तीन: जात, संख्या, शेरा.
पेन्सिल सुतळीनं बांधलेली, सुतळी आखूड,
वहीवर वाकूनच लिहावं लागतं.

बदकानं बुडी मारली.
मी मोजत होते. चौदा, पंधरा.
वर आलं ते भलतीकडेच,
तोंडात पाणवनस्पतीची हिरवी दोरी,
आणि शेजारची शेंडीवाली मादी
वीतभर बाजूला सरकली, किंवा वाऱ्यानं सरकली.

जातीचा रकाना मी कोरा सोडला.
संख्या: एक.
शेरा: नर. डोळा नारिंगी. पोट भरलेलं दिसतं.

खाली नाव लिहिलं, फ्राउक्ये,
आणि निघाले.
उद्या पाच चाळीसची पहिली फेरी माझी आहे.