वादी

पेन्साकोलाच्या कोर्टासमोर
वर्नेल टार्प्ली वकिलांना कॉफी वाढते.

"आज विमा घ्यायला लावतात,
उद्या ब्रोकोली घ्यायला लावतील!"
टाय खांद्यावर टाकलेला एकजण म्हणतो
आणि बशीतली ब्रोकोली कडेला सारतो.
सगळे हसतात. तीही, टिप मिळावी इतपत.

एप्रनच्या खिशात अर्धी गोळी.
सुरीखाली ती कधीच नीट निम्मी होत नाही;
चुरा बोटाने टिपून
ती चाटते.

टेबलावर विसरलेला कागद :
वादी, फ्लोरिडा राज्य.
फ्लोरिडा म्हणजे ही खाडी, तो लांब पूल,
रॉस्कोची विकून टाकलेली कोळंबीची होडी,
म्हणजे तीही आलीच की त्यात.
मी कधी दावा लावला?

कागद ती गल्ल्यापाशी ठेवते,
मागायला येतील म्हणून,
आणि उरलेली ब्रोकोली
घरच्या डब्यात भरते.